मेल सर्व्हर बंद पडला तर पडू द्या : डेबियन १३ च्या रिलीज नोट्सबद्दल एक तक्रार

यावेळी पेपर समजावून सांगायचा नाहीये. एका अशा मजकुराचं परीक्षण करायचंय, ज्याला आपण कधी 'लेखन' म्हणत नाही, पण जो जगभरातले सिस्टिम सांभाळणारे लोक रात्री उशिरा, टर्मिनल उघडं ठेवून, धडधडत्या छातीने वाचत असतात : रिलीज नोट्स. नेमकं सांगायचं तर डेबियन १३ च्या (टोपणनाव ट्रिक्सी, प्रकाशन ९ ऑगस्ट २०२५) रिलीज नोट्स. त्यातही मेल सर्व्हर चालवणाऱ्याला लागू पडतील तेवढीच पानं.

आताच का? आधीची आवृत्ती डेबियन १२, म्हणजे बुकवर्म, जून २०२३ ची. डेबियनचा नेहमीचा सुरक्षा आधार तीन वर्षांचा असतो, म्हणजे बुकवर्मचा जून २०२६ पर्यंतचा. त्यापुढे एलटीएसवर काही काळ ढकलता येतं, पण कधीतरी उडी मारावीच लागते. छोट्या संस्था, लॅब, महाविद्यालयं, आपला मेल आपणच सांभाळणारे हौशी लोक, सगळ्यांवर ही वेळ येते. आणि हे काम बहुतेक ठिकाणी 'तुला कॉम्प्युटरचं कळतं ना' असं ज्याला म्हटलं जातं त्याच्या गळ्यात पडतं. आमच्या ग्रुपमध्ये ते माझ्या गळ्यात पडलंय.

माझी तक्रार एका वाक्यात : या नोट्स डाउनटाइमला शत्रू मानतात, आणि मेलच्या बाबतीत तो शत्रू नाही. हे आता सविस्तर पाहू.

आधी चांगलं

डेबियनच्या रिलीज नोट्स हे मुळात कष्टाने लिहिलेलं दस्तावेजीकरण आहे. एक आवृत्ती गाळून उडी मारू नका, आधीच्या स्थिर आवृत्तीवरूनच या, असं स्पष्ट सांगतात. बॅकअप घ्या, वापरणाऱ्यांना आधी कळवा, दुरून काम करत असाल तर कनेक्शन तुटलं तरी काम चालू राहील अशा सेशनमध्ये करा, सगळ्या आउटपुटची नोंद ठेवा, असं सांगतात. आधी छोटं अपग्रेड आणि मग पूर्ण, असा क्रम देतात. या सूचना कुणीतरी कधीतरी चटका खाल्ल्यावर लिहिल्या गेल्यात, हे वाचताना जाणवतं.

मेलवाल्यांसाठी त्यात एक वेगळा परिच्छेदही आहे. डोव्हकॉट, म्हणजे तुमच्या फोनला किंवा थंडरबर्डला मेलपेटी दाखवणारा प्रोग्रॅम, ट्रिक्सीत २.४ या नव्या पिढीचा आहे आणि त्याच्या कॉन्फिगरेशनची भाषा जुन्या भाषेशी जुळत नाही. नोट्स हे लपवत नाहीत. लांबलेला डाउनटाइम टाळायचा असेल तर कॉन्फिगरेशन आधी चाचणीच्या यंत्रावर बदलून घ्या, असं आग्रहाने सांगतात. दोन सर्व्हर एकमेकांशी जुळते ठेवणारा रेप्लिकेटर हा भाग आता काढून टाकलाय, त्यावर अवलंबून असाल तर पर्याय सापडेपर्यंत अपग्रेडच करू नका, असंही सांगतात. अपग्रेडच्या मार्गदर्शिकेने 'अपग्रेड करू नका' म्हणणं हा प्रामाणिकपणा आहे. त्याला पूर्ण मार्क.

आता तो शब्द पाहा : डाउनटाइम. अपग्रेडच्या प्रकरणात 'सेवा बंद राहतील याची तयारी ठेवा' असा एक स्वतंत्र भागच आहे. पॅकेज बदलली जात असताना सेवा थांबतील, तुम्ही प्रश्नाचं उत्तर द्यायला जागेवर नसाल तर बराच वेळ थांबलेल्या राहतील, आणि सेवा महत्त्वाच्या असतील तर बंद राहण्याचा वेळ कमी करण्यासाठी अमुक क्रमाने जा, असा त्याचा आशय. वेब सर्व्हरसाठी हे अगदी बरोबर आहे. मेलसाठी मात्र यातून चुकीची घाई शिकवली जाते.

मेल वाट बघतो

वेबसाइट बंद असेल तर आलेला माणूस निघून जातो. मेलचं तसं नाही. मेल पाठवणारा सर्व्हर तुमचं दार वाजवतो, उत्तर आलं नाही तर पत्र स्वतःच्या रांगेत ठेवतो आणि नंतर पुन्हा येतो. हा कुणाचा चांगुलपणा नाही, नियम आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या आरएफसी ८२१ पासून एसएमटीपी या शिष्टाचाराचा पाया हाच आहे. २००८ सालचा आरएफसी ५३२१ तर आकडेही देतो : साधारणपणे निदान ३० मिनिटांच्या अंतराने पुन्हा प्रयत्न करा, आणि हार मानण्याआधी निदान चार-पाच दिवस थांबा. पोस्टफिक्स या लोकप्रिय मेल प्रोग्रॅमची मूळ मुदत बरोबर पाच दिवसांची आहे.

सर्व्हर उत्तर देतो तेव्हा ते तीन आकडी असतं, आणि पहिल्या आकड्यात सगळं येतं. २ म्हणजे 'पत्र मिळालं, आता जबाबदारी माझी'. ४ म्हणजे 'आत्ता जमत नाही, नंतर या'. ५ म्हणजे 'नाही, पुन्हा येऊ नका'. ५ आलं की पाठवणारा त्याच क्षणी थांबतो आणि पत्र मूळ लेखकाकडे बाऊन्स करतो.

आता अपग्रेडच्या दिवशी तुमचा सर्व्हर ज्या अवस्थांमध्ये असू शकतो त्या धोक्याच्या चढत्या क्रमाने मांडा. पूर्ण बंद : पत्रं बाहेर रांगेत सुखरूप. चालू, पण ४ म्हणतोय : तसंच. चालू, पण चुकून ५ म्हणतोय : पत्र गेलं, निदान पाठवणाऱ्याला कळलं. चालू, २ म्हणतोय, पण पत्र भलत्याच ठिकाणी टाकतोय : पत्र गेलं आणि कुणालाच कळलं नाही.

म्हणजे ज्या अवस्थेला नोट्स घाबरतात ती यादीत सगळ्यात निरुपद्रवी आहे.

चाळीस मिनिटं

हे मी हुशारीने शोधून काढलेलं नाही. आधीच्या एका अपग्रेडच्या वेळी मी ही चूक स्वतः केली आहे.

शनिवार दुपार होती. मेलखात्यांची यादी आम्ही डेटाबेसमध्ये ठेवतो. अपग्रेडनंतर डेटाबेस पुन्हा उभा केला, पण आधी नुसते रिकामे तक्ते तयार झाले. नोंदी भरायच्या बाकी होत्या. दरम्यान पोस्टफिक्स जागा झाला होता आणि बाहेरची पत्रं घेत होता. प्रत्येक पत्रासाठी तो डेटाबेसला विचारायचा, 'ही व्यक्ती आपल्याकडे आहे का?' डेटाबेस शांतपणे सांगायचा, 'नाही.' आणि पोस्टफिक्स जगाला सांगायचा : ५५०, असा कुणी इथे राहत नाही.

गंमत बघा. डेटाबेस पूर्ण बंद असता तर पोस्टफिक्सला उत्तर मिळालं नसतं आणि तो ४५१ म्हणाला असता, म्हणजे 'नंतर या'. रिकामा तक्ता हे मात्र पोस्टफिक्सच्या दृष्टीने अगदी व्यवस्थित उत्तर आहे. मोडलेल्या डेटाबेसने आम्हाला वाचवलं असतं, रिकाम्या डेटाबेसने बुडवलं.

चाळीस मिनिटांत सगळं सुरळीत झालं. मी ग्रुपवर अभिमानाने टाकलं की डाउनटाइम फक्त चाळीस मिनिटांचा होता. लॉग नंतर वाचला, तोही ओझरता.

अकरा दिवसांनी लॅबमधली एक ज्युनियर आली. तिला बाहेरच्या एका संशोधन गटाकडून मुलाखतीचं बोलावणं यायचं होतं. तिने न राहवून स्वतःच विचारणा केली, तेव्हा तिकडून कळलं की पत्र कधीच पाठवलं होतं, ते परत आलं, आणि त्यांनी यादीतल्या पुढच्या नावाला बोलावलं. "ताई, माझ्याकडे तर काहीच आलं नव्हतं," ती म्हणाली. लॉग उघडला तेव्हा ती ओळ तिथे होतीच. तारीख, वेळ, तिचा पत्ता, ५५०.

सर्व्हर मी शनिवार-रविवार दोन्ही दिवस पूर्ण बंद ठेवला असता, तर तिला ते पत्र सोमवारी मिळालं असतं. घाई मी केली, आणि चाळीस मिनिटांची किंमत तिने मोजली.

संशोधन काय सांगतं

बिघाडांच्या अभ्यासात या फरकाला जुनी नावं आहेत. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ यांनी १९८२ मध्ये 'बायझंटाइन' बिघाडाची कल्पना मांडली : बिघडलेला घटक गप्प बसत नाही, तो वाट्टेल ते बोलतो, कधी याला एक आणि त्याला दुसरं. पुढच्याच वर्षी श्लिख्टिंग आणि श्नायडर यांनी 'फेल-स्टॉप' यंत्राची कल्पना मांडली : बिघाड झाला की यंत्र थांबतं, आणि ते थांबलंय हे इतरांना कळतं. फेल-स्टॉप घटकांवर भरवशाची व्यवस्था बांधणं कितीतरी सोपं असतं, कारण गप्प बसलेल्याच्या भोवती आखणी करता येते. चुकीचं बोलणाऱ्याच्या भोवती करणं फार महाग पडतं.

दुसरा धागा जिम ग्रे यांचा. १९८५ मध्ये त्यांनी टँडम कंपनीच्या यंत्रांचे बिघाड तपासले. ही यंत्रं मुळात बंद पडू नयेत म्हणूनच बनवलेली होती. त्यांच्या तक्त्यात ४२ टक्के बिघाड प्रशासनाच्या खात्यात होते, म्हणजे माणसाने केलेल्या कृती, कॉन्फिगरेशन आणि देखभाल. हार्डवेअर बरंच मागे. चाळीस वर्षं झाली तरी अपग्रेडच्या रात्री कीबोर्डवर बसलेल्या माणसाबद्दल हा पेपर अजून खरा वाटतो.

आणि २०२१ मध्ये एसओएसपी परिषदेत आलेला एक अभ्यास थेट अपग्रेडचाच आहे. त्यात आठ मोठ्या डिस्ट्रिब्युटेड प्रणालींमधले १२३ अपग्रेड-बिघाड तपासले आहेत. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांशांचं मूळ एकच : डेटाच्या स्वरूपाबद्दल किंवा अर्थाबद्दल जुन्या आणि नव्या आवृत्तीची समजूत वेगळी. डोव्हकॉटची नवी कॉन्फिगरेशन फाइल हे याचंच घरगुती उदाहरण म्हणता येईल.

दोन प्रोग्रॅम, दोन स्वभाव

या चष्म्यातून मेल सर्व्हरमधले दोन मुख्य प्रोग्रॅम बघण्यासारखे आहेत.

डोव्हकॉट २.४ ने बरंच काही मोडलं. पत्रं कुठे ठेवलीत हे पूर्वी एका ओळीत सांगायचो, आता त्याचे तुकडे झाले : साठवणुकीचा प्रकार वेगळा, जागा वेगळी. प्रमाणपत्राच्या फाइलींच्या सेटिंगची नावं बदलली. वापरणाऱ्याच्या नावासाठी टक्क्याचं चिन्ह आणि एक अक्षर असे जे छोटे संकेत होते, त्यांच्या जागी लांब रूपं आली. फाइल कोणत्या आवृत्तीसाठी लिहिली आहे हे सांगणारी ओळ सगळ्यात आधी लागते, आणि ती नसेल तर डोव्हकॉट सुरूच होत नाही. लोक यावर खूप वैतागले. मीही वैतागले. पण हा फेल-स्टॉपचा धडाच आहे. जुनी फाइल पुढ्यात आली की तो अंदाज बांधत नाही, थांबतो. आणि तो थांबला की पोस्टफिक्सला पत्र त्याच्याकडे सोपवता येत नाही, म्हणून ते रांगेत राहतं. वापरणारे ओरडतात, पत्र हरवत नाही.

पोस्टफिक्सचा स्वभाव वेगळा. वित्से वेनेमा यांचा हा प्रोग्रॅम १९९८ पासून आहे. २०१५ च्या ३.० आवृत्तीपासून त्यात एक सुरक्षाजाळी आहे : आवृत्ती बदलली तरी काही जुन्या सवयी तो तशाच ठेवतो, लॉगमध्ये 'जुनं वागणं वापरतोय' असं लिहितो, आणि तुम्ही सुसंगततेची पातळी स्वतः बदलेपर्यंत वाट बघतो. वापरणाऱ्याला अडवायचं नाही, पण सांगत राहायचं. हेही सभ्य आहे. फक्त लॉग वाचला जातो असं त्यात गृहीत धरलंय, आणि माझ्यासारखे लोक तो ओझरता वाचतात.

धोका या दोघांपेक्षा मधल्या प्रश्नात आहे. अपग्रेड चालू असताना पॅकेज-व्यवस्था विचारते : तुम्ही बदललेली फाइल ठेवू, की आमची नवी घेऊ? न बदलता एंटर दाबलं तर तुमची फाइल राहते. डोव्हकॉटच्या बाबतीत तुमची ठेवली तर तो सुरू होत नाही, म्हणजे सुरक्षित. वैतागून 'नवी द्या' म्हटलं तर तो सुरू होतो, आणि सगळं ठीक झाल्यासारखं वाटतं. पण नव्या फाइलीतली मूळ मांडणी ही तुमची मांडणी नसते. पत्रं एका फोल्डरात आणि डोव्हकॉट बघतोय दुसरीकडे, असं झालं तर लोकांना रिकामी पेटी दिसते आणि नवी पत्रं भलत्या जागी साठत जातात. आपल्या यादीतली सगळ्यात वाईट अवस्था हीच, खोटं २. जे उत्तर सर्व्हरला लवकर सुरू करतं तेच जास्त धोक्याचं आहे. डाउनटाइमला घाबरलेला माणूस तेच उत्तर देणार.

मग नोट्समध्ये काय हवं होतं?

माझ्या मते चारच वाक्यं.

पहिलं : अपग्रेड सुरू करण्याआधी बाहेरून येणारं २५ क्रमांकाचं पोर्ट फायरवॉलवर बंद करा. नुसता पोस्टफिक्स थांबवून भागत नाही, कारण पॅकेजच्या स्क्रिप्ट्स त्याला मध्येच पुन्हा सुरू करू शकतात. दार बंद असेल तर आत कोण जागं आहे याने बाहेरच्या पत्राला फरक पडत नाही.

दुसरं : पोस्टफिक्सचं सॉफ्ट बाऊन्स हे सेटिंग चालू करा. ते प्रत्येक ५ चं ४ करतं, म्हणजे प्रत्येक 'नाही' चं 'नंतर या'. माझ्या त्या शनिवारी ही एक ओळ असती तर हा लेखच झाला नसता. पोस्टफिक्सच्या स्वतःच्या नमुना फाइलीत ही चाचणीसाठीची मर्यादित सुरक्षाजाळी म्हणून नोंदवलेली आहे. पत्ता चुकीचा लिहिला जाणं किंवा पत्र चुकीच्या वाटेने जाणं यावर तिचा उपयोग नाही, हेही तिथेच प्रांजळपणे सांगितलंय. डोव्हकॉटच्या परिच्छेदात मात्र तिचा उल्लेख नाही.

तिसरं : दार उघडण्याआधी आतूनच दोन पत्रं पाठवून बघा. एक खऱ्या पत्त्यावर, एक अस्तित्वात नसलेल्या. पहिलं स्वीकारलं गेलं पाहिजे आणि फोनवर, नेहमीच्या पेटीत, डोळ्यांनी दिसलं पाहिजे. दुसरं नाकारलं गेलं पाहिजे. 'सेवा चालू आहे' असा हिरवा ठिपका म्हणजे चाचणी नव्हे. माझा ठिपका ती चाळीस मिनिटं हिरवाच होता.

चौथं : दार उघडल्यावर एक-दोन दिवस लॉगमधले नकार रोज वाचा, आणि मग सॉफ्ट बाऊन्स काढून टाका. ते कायम ठेवलं तर सगळ्या जगाचा स्पॅम पुन्हापुन्हा दार वाजवत राहील.

उलट बाजू

आता तुम्ही म्हणाल, डाउनटाइम इतका फुकट असतो का? नसतो. पाच दिवसांची मुदत हा नियम आहे, आणि नियम सगळेच पाळत नाहीत. काही स्वयंचलित प्रणाली एकदाच प्रयत्न करतात. ओटीपी दोन तासांनी आला तर त्याचा काय उपयोग? सर्व्हर बंद असताना तुमच्या लोकांना पत्र पाठवताही येत नाही, आणि त्या दिवशी कुणाच्या अर्जाची शेवटची तारीख असू शकते. म्हणून लोकांना आधी कळवा ही डेबियनची सूचना मेलसाठीही तितकीच खरी आहे, आणि चाचणीच्या यंत्रावर सराव करा हा सल्ला माझ्या चारही वाक्यांच्या आधीचा आहे.

शिवाय डेबियनच्या रिलीज नोट्स हजारो पॅकेजसाठी आहेत. एका परिच्छेदात मेलचं शास्त्र शिकवा असं म्हणणं जरा जास्तच, हे मला कळतं. पण त्या परिच्छेदात कारण म्हणून एकच गोष्ट दिली आहे, लांबलेला डाउनटाइम. वाचणारा जे कारण वाचतो त्यालाच जपतो. 'चुकीचं उत्तर जाऊ नये म्हणून' एवढे शब्द तिथे असते, तर कुणीतरी 'नवी फाइल द्या' म्हणण्याआधी थबकला असता.

ट्रिक्सीची उडी आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पोर्ट बंद करून सुरू केली आणि रविवारी रात्री पोर्ट उघडलं. मधल्या काळात दोन प्राध्यापकांनी फोन करून विचारलं की एवढा वेळ का लागतोय, तुला येतं ना हे? मी म्हटलं, येतं सर, म्हणूनच वेळ लागतोय. सोमवारी सकाळपर्यंत बाहेर थांबलेली पत्रं एकेक करून आत आली. लॉग मी यावेळी ओळ न् ओळ वाचला. तिचा पत्ताही मुद्दाम शोधला. तीन पत्रं होती, तिन्ही २५०.